शेकडा पावणेदोन फक्त

ओव्हरड्राफ्ट हा पूर्वी व्यापाऱ्यांचा दागिना होता. ‘आपली बँकेत ओडी आहे,’ असं मार्केट यार्डातला अडत्या छाती फुगवून सांगे. नोकरदाराच्या वाट्याला पगारदार पतसंस्थेचं कर्ज आणि त्यासाठी दोन जामीनदार. जामीनदार मिळवायचा तर सहकाऱ्याला कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजावा लागे, घरची रडगाणी सांगावी लागत. त्या लाजेपायीच निम्मी कर्जं निघायची राहून जात. आता प्रगती झाली आहे. पगार जमा होतो त्याच खात्यावर ओडी मिळते, आणि जामीनदाराच्या जागी ओटीपी येतो. तो चहाही मागत नाही आणि ‘कशाला हवेत रे एवढे पैसे?’ असंही विचारत नाही.

आमच्या मेहुण्यांची अशी एक लाखाची ओडी आहे, द.सा.द.शे. 15 दराची. गणपतीत घरी आले आणि ताटात मोदक पडायच्या आत म्हणाले, “दाजी, ओडी संपली म्हणून समजा. कार्डावर फिरवतोय.”

“कार्डावर?”

“पुतण्या लंडनला आहे ना आमचा, त्यानं सांगितलं. तिकडे सगळे हेच करतात.”

पुतण्या खोटं बोलत नव्हता. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून नियामकाने ओव्हरड्राफ्टवरचे रोजचे ठरावीक आकार बंद केले आणि एकच वार्षिक दर लावायला सांगितलं. बँकांनी आज्ञा शिरसावंद्य मानून तो दर 40 टक्क्यांच्या घरात नेऊन बसवला. त्याच देशात काही कार्डं एकदाच तीन-चार टक्के शुल्क घेऊन पैसे चालू खात्यात टाकतात आणि पुढे बरेच महिने व्याज लावत नाहीत. तेवढ्या मुदतीत जो नेमाने फेडतो, त्याचे पैसे खरोखरच वाचतात. मेहुण्यांनी युक्ती इकडे आणली. दर बिचारे तिकडेच राहिले.

“हे बघा,” म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कार्ड कंपनीचा संदेश होता: व्याज फक्त 1.75 टक्के! ‘फक्त’ ठळक, 1.75 त्याहून ठळक, आणि खाली मुंगीच्या पावलांनी ‘दरमहा’ चालत गेलेलं. “आता सांगा, पंधरा मोठे की पावणेदोन?”

पावकी-निमकी पाठ असलेली पिढी गेली त्याचे हे भोग. बारा महिन्यांचे पावणेदोन म्हणजे 21. कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, जो ओडीच्या व्याजावर लागत नाही; तो धरला की झाले जवळजवळ पावणेपंचवीस. वर 2 टक्के प्रक्रिया शुल्क, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. लाखाचे 2,360 रुपये सुरुवातीलाच गेले. पंधराच्या खड्ड्यातून निघून पंचविसाच्या विहिरीत उतरण्याचा हा प्रवेश आकार.

महिन्याचा दर सांगायची ही रीत तशी कार्डवाल्यांची नव्हे, सावकाराची. ‘शेकडा तीन’ म्हटलं की ते महिन्याचे, हे खेड्यातल्या पोरालाही कळतं. फरक एवढाच, की महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्ज दिलं, तर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर जाता येत नाही. थकलेल्या कार्डाला महिन्याचे 3.75, म्हणजे वर्षाचे 45 टक्के चालतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सावकाराने आता परवाना परत करून एखादं कार्डच काढावं, त्याच्या भल्यासाठी सांगतो.

खरी मौज पुढे आहे. ओडी फिटली की अॅप हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध मर्यादा 1,00,000’ दाखवू लागतं. तेव्हा दिवाळी महिन्यावर आलेली असते. रिकामी ओडी बघवत नाही हा मध्यमवर्गाचा नवा आजार. ती पुन्हा भरते, कार्डाचा हप्ता चालूच असतो, आणि एखाद्या महिन्यात तो चुकला की पावणेदोनाचे पावणेचार होतात.

मग मेहुणे ‘किमान देय रक्कम’ भरू लागतील. लाखाच्या बाकीवर पहिल्या महिन्याचं व्याज 3,750, जीएसटी 675. त्यांनी ऐटीत 5,000 भरले तर मुद्दलातून उतरतील 575. एक रुपयाची नवी खरेदी न करता वर्षभर असेच भरत राहिले, तर 60,000 रुपये देऊन झाल्यावर बाकी दिसेल साधारण 91,000. नुसतं किमान भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल, हा इशारा रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बिलावर छापलेला असतो. पण बिल उघडून वाचणारा माणूस किमान रक्कम भरतो कशाला?

एवढं सगळं सांगितल्यावर मेहुणे गप्प बसले. मग त्यांची बहीण म्हणाली, “अरे, पण तुझी त्याच बँकेत दोन लाखांची ठेव आहे ना?”

“ती मोडायची नाही,” मेहुणे कडाडले. “पोरीच्या लग्नाची आहे!”

ठेवीवर 7 मिळतात, ओडीवर 15 जातात, आणि ते चुकवायला माणूस 25 द्यायला निघतो. लग्न पोरीचं की बँकेचं?

तर वाचकहो, ठेव असेल तर मोडूही नका. तिच्यावरच ओडी घ्या. ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतात, तेवढ्यात महागडी ओडीही फिटेल आणि कार्डही. नंतर कार्ड बंद करायचा अर्ज द्या. 7 कामकाजी दिवसांत त्यांनी ते बंद केलं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये तुम्हाला मिळावेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. अट एकच: कार्डावर बाकी नसावी.