रिजेक्शनचा माल

एका संध्याकाळी मला एकदम 41 एरर नाणी सापडली. लेकीचा गल्ला तिला न विचारता फोडलेला, ताटात चिल्लर, डोळ्याला दहापटीचं भिंग. ‘डाळीतला खडा यांना कधी दिसला नाही,’ असा घरचा आहेर स्वयंपाकघरातून आला, तिकडे मी लक्ष दिलं नाही. सिंह सरळ धरायचे आणि नाणं उलटायचं. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच यावी लागते. तिरकी आली तर ठसा फिरलेला, उलटी आली तर मग विचारायलाच नको. माझी एकूण एक उलटी येत होती. एकेचाळिसाव्या नाण्यापर्यंत मी मनातल्या मनात जालना रोडला फ्लॅट बुक केला होता.

‘बाबा, तुम्ही भाकरी उलटल्यासारखं उलटताय. वहीचं पान उलटतात तसं उलटा ना,’ लेक म्हणाली.

उलटलं. 41 च्या 41 नाणी जागच्या जागी दुरुस्त झाली. गल्ल्याची भरपाई वेगळी द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी टांकसाळीची खूणच नसलेला रुपया मिळाला. सालाखाली मुंबईचा हिरा नाही, हैदराबादचा तारा नाही, नोएडाचा ठिपका नाही! मग कळलं, कोलकाता टांकसाळ खूण करतच नाही. म्हणजे देशातली एक सबंध टांकसाळच मी एरर ठरवून मोकळा झालो होतो.

शेवटी शेजारच्या काकांना शरण गेलो. टूल-डाय शिकवणारी इंडो-जर्मन टूल रूम आमच्या चिकलठाणा एमआयडीसीतच आहे. त्यामुळे इथं दर चार घरांत एक तरी डाय जाणणारा निघतो. काकांची 32 वर्षं डायवर पॉलिश मारण्यात गेलेली. त्यांच्या लेखी नाणं म्हणजे प्रेसवरून पडलेला एक पार्ट, बाकी काही नाही.

बाजारात 300 रुपये मोजून घेतलेला, कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा उडालेला स्टीलचा रुपया मी त्यांच्यापुढे ठेवला. विकणाऱ्यानं ‘टांकसाळीतूनच असा आलाय’ असं शपथेवर सांगितलं होतं.

‘हे बघ,’ काका म्हणाले, ‘पट्टी पुढं सरकते, पंच चकती पाडतो. फीड कमी पडली की पंच आधीच्या भोकावर बसतो, चकतीला कोर पडते. कड उठवताना मग कोरीच्या बरोबर समोर दाब लागत नाही, तिथली कड मऊ राहते. तुझ्या नाण्याची समोरची कड बघ, कशी खणखणीत आहे. आणि इथं हात लाव.’

लावला. टोचलं.

‘बर आहे ती, घासताना उठलेली धार. हे टांकसाळीत नाही, बेंच ग्राइंडरवर झालंय.’

खोटा माल घरी तयार करण्याची आमच्याकडे तशी जुनी परंपरा. दौलताबादला राजधानी आणणाऱ्या महंमद तुघलकानं 1330 च्या सुमारास तांब्या-पितळेच्या नाण्याला चांदीच्या टंक्याची किंमत दिली आणि घरोघरी टांकसाळी निघाल्या. अखेर सुलतानाला ती नाणी परत घेऊन खजिन्यातली चांदी मोजून द्यावी लागली. माझे 300 परत देणारा सुलतान मात्र पुढच्या बाजारात जागेवर नव्हता.

पण काकांनाही गोडी लागली. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 साली चांदीची 13 हजारांवर नाणी निघाली, त्यांतल्या बहुतेकांवर क्षत्रप राजा नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलाय, हे सांगितल्यावर त्यांनी चहा खाली ठेवला.

‘म्हणजे स्क्रॅप न करता रिवर्क केलं. हुशार माणूस.’

प्रतवारीवर मात्र आमचं जमलं नाही. नाण्याला 1 ते 70 असे गुण देतात, हे त्यांना पटेचना. ‘पार्ट ओके असतो, नाहीतर रिजेक्ट. 58 म्हणजे काय? पास का नापास?’

आणि परवा खरंच सापडलं. रिक्षावाल्यानं परत दिलेलं दोनाचं नाणं, आकड्यापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ. ओरखडा असता तर खोल लागला असता. ही नखाला उंच लागत होती. नाणं वहीच्या पानासारखं उलटून पाहिलं, लेकीला दाखवलं, मग काकांकडे धावलो. त्यांनी नख फिरवलं. एकदा, दोनदा. चेहरा गंभीर झाला.

‘डायला तडा गेलाय. त्यात धातू शिरलाय.’

‘म्हणजे खरं ना, काका?’

‘खरं म्हणजे? अरे, ही डाय तेव्हाच उतरवायला हवी होती! तडा गेलेली डाय चालवतात? शिफ्टला इन्स्पेक्टर कोण होता?’

‘काका, म्हणून तर त्याला किंमत आहे.’

‘रिजेक्शनला किंमत?’ 32 वर्षांचा रोष त्यांच्या डोळ्यांत उतरला. काही न बोलता ते आत गेले, ड्रॉवरची खुडबूड ऐकू आली. बाहेर आले ते हातात जुन्या कंपनीतला लाल स्टिकरचा उरलेला रोल घेऊन. माझ्या पुठ्ठ्याच्या होल्डरवर प्रतीसाठी मी कोरी ठेवलेली चौकट होती. तिथं त्यांनी स्टिकर चिकटवला, खाली तारीख टाकली आणि सही केली.