नेटवर्कच्या सरांची बाजू

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून इंजिनिअरिंगची कॉलेजं किती, हे एका दमात सांगणं अवघड आहे. पण त्यातल्या कुठल्याही कॉलेजातून इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स करून बाहेर पडलेल्या माणसाला 'नेटवर्कला कोण होतं रे तुम्हाला?' एवढं विचारून बघा. माणूस पंचविशीतला असो की साठीतला, हडपसरला राहत असो की ह्यूस्टनला, आधी त्याचा आवाज खाली येतो आणि मग आरोपपत्राचं वाचन सुरू होतं. सर शिकवत नव्हते, फळ्याशी बोलत होते. वर्गात सोपं सोडवलं आणि पेपरात जीव घेतला. उत्तर बरोबर आलं तर पायरी गाळली म्हणून मार्क कापले, पायऱ्या सगळ्या लिहिल्या तर उत्तर चुकलं म्हणून कापले. निम्मा वर्ग केटीत काढला. गंमत अशी की सर वेगळे, गाव वेगळं, साल वेगळं, पण आरोपपत्रातलं एक कलम इकडचं तिकडे होत नाही. इतकी वर्षं, इतकी गावं आणि गुन्ह्याची पद्धत मात्र एकच, असं दिसलं की बरा फौजदार धरलेल्या माणसाला चहा पाजून घरी पाठवतो आणि तपास दुसरीकडे वळवतो. माझाही संशय सरांवर नाही. नेटवर्क ॲनालिसिस जो कोणी शिकवायला घेईल तो दोन महिन्यांत खाष्ट ठरतो, असा हा विषयच आहे. उद्या साक्षात साने गुरुजींना तिसऱ्या सेमिस्टरचं नेटवर्क दिलं, तरी दिवाळीपर्यंत होस्टेलवर त्यांच्या नावाने शिमगा सुरू होईल.

पुरावा हवा असेल तर आपल्याकडे तो भरपूर पिकलेला आहे. सांगलीत १९४७ साली धोंडूमामा साठ्यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, तेच पुढे वालचंद झालं. १९६० साली कराडला सरकारी कॉलेज निघालं. म्हणजे बराच काळ कृष्णाकाठी नेटवर्कला घाबरणारी मंडळी मोजकीच होती, आणि त्या घाबरण्यालाही एक मान होता. मग वसंतदादा मुख्यमंत्री झाले, विनाअनुदानित कॉलेजांचं दार उघडलं, आणि १९८३ सालीच साताऱ्यात रयतचं आणि साखराळ्याला कारखान्याशेजारी राजारामबापूंच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. दादांनी स्वतः कॉलेजची पायरी चढलेली नव्हती, पण किरचॉफ नावाच्या जर्मन गृहस्थाला उसाच्या पट्ट्यात घरोघर पोचवण्याचं काम त्यांच्याइतकं कोणी केलं नाही. कॉलेजं वाढली, सर वाढले. त्यांत मवाळ होते, जहाल होते, कविता करणारेही असतील. सगळ्यांची कीर्ती मात्र एकसारखी झाली. शंभर स्वभावांची माणसं एका खुर्चीत बसल्यावर जर सारखीच दिसायला लागली, तर तपासायची ती खुर्ची.

खुर्चीत काय आहे? आपलं पोर दहावीपर्यंत 'अपेक्षित' वाचून पुढे सरकतं, बारावी क्लासच्या नोट्सवर निघते, सीईटीला चार पर्यायांतला एक निवडायचा असतो. बारा वर्षांच्या या वाटचालीत त्याला एकच गोष्ट पक्की कळलेली असते, की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुणीतरी आधीच छापून ठेवलंय आणि आपण ते फक्त शोधायचं. नेटवर्कच्या पहिल्या आठवड्यात हे पोर हात वर करून विचारतं, 'सर, करंटची दिशा कुठली धरायची?' सर म्हणतात, 'कुठलीही धर.' 'आणि चुकीची धरली तर?' 'तर उत्तर वजा येईल.' 'म्हणजे गणित चुकलं?' 'नाही, बरोबर आलं.' त्या क्षणी सर त्याच्या मनातून उतरतात, ते कायमचे. त्यात पुढे कळतं की इलेक्ट्रॉन मुळात उलट्याच दिशेने जातात. अठराव्या शतकात फ्रँकलिनने धन-ऋण ठरवताना एक अंदाज केला, तो उलटा निघाला, पण तोवर इतकी पुस्तकं छापून झाली होती की निसर्गानेच समजून घ्यावं असं ठरलं. मग एसी सर्किट येतं आणि वजा एकाचं वर्गमूळ घेऊन येतं. गणिताच्या तासाला त्याला आय म्हणतात, इथे आय ही जागा करंटने आधीच अडवलेली, म्हणून जे म्हणायचं. हे सगळं शांतपणे सांगणारा माणूस पोरांना विक्षिप्त वाटला तर त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. मात्र ते अमानुष आहे, हे खोटं. किरचॉफने आपले दोन नियम मांडले ते १८४५ साली, आणि तेव्हा तो क्योनिग्सबर्गला नॉयमान सरांच्या सेमिनारला बसणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. म्हणजे पावणेदोनशे वर्षं जग ज्याच्याशी झटापट करतंय ते मुळात एका पोराचं सबमिशन आहे. फरक इतकाच, की त्याला ते मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवायची सोय नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. विषय अवघड असेल, पण काही सर खरोखरच शिकवत नाहीत, त्याचं काय? कबूल. एक नमुना सगळ्यांच्या ओळखीचा असतो. डाव्या हातात पिवळी पडलेली वही, उजव्या हातात खडू. रेझिस्टरचे दात कोरताना प्रत्येक दात सारख्या उंचीचा येईल याची काळजी घेणार, आणि नेमकी जिथे मेख आहे तिथे 'यावरून सिद्ध होतं' म्हणून डस्टर फिरवणार. या गृहस्थांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. पण चांगल्या सरांची गत काय होते तेही बघा. त्यांच्या तासाला सगळं कळतं. दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघताना प्रत्येक पायरी आपल्यालाच सुचली असं वाटत असतं. घरी कोरा कागद पुढे घेतला की पहिला बाण कुठे काढायचा इथूनच अडतं, आणि राग येतो तो तासाला समजल्यासारखं वाटायला लावणाऱ्या माणसाचा. वाईट सर निदान आधीपासून सावध करतात. आणि मास्तर मंडळींनी या विषयात पोरांवर दयाच दाखवली नाही असंही नाही. थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला माणूस, तिथल्या इंजिनिअरांना शिकवण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि ते करता करता १८८३ साली त्याने आपलं प्रमेय मांडलं. कसलंही जंजाळ असलेलं सर्किट घ्या, दोन टोकांमधून आत डोकावलं की ते एक बॅटरी आणि एक रेझिस्टर एवढंच उरतं. (सर्किट लिनिअर असलं म्हणजे झालं, हे कलम सर विसरू देत नाहीत.) हीच गोष्ट हेल्महोल्ट्झसारख्या बड्या शास्त्रज्ञाने तीस वर्षं आधी लिहून ठेवली होती, ती कोणाच्या लक्षात राहिली नाही. नाव राहिलं ते मास्तरचं. त्याच्या उपकाराची फेड पोरं 'थेवेनिन आपण ऑप्शनला टाकलाय' असं म्हणून करतात.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो आणि तो जास्त जिव्हारी लागणारा आहे. आमची पोरं मराठी शाळेतली, शेताभातातली. पुण्या-मुंबईकडे चालत असेल हे, आमच्याकडच्या डोक्याच्या मापाचा हा विषय नव्हे. याचं उत्तर पुस्तकात शोधू नये, जुलै-ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलावर जावं. कोयनेच्या दरवाजांतून किती क्युसेक सोडलं, पायथा वीजगृहातून २,१०० वेगळं, धोमचं किती, कण्हेरचं किती, हे तिथला पानपट्टीवाला चुना लावता लावता सांगतो, मनात बेरीज मांडतो आणि 'उद्या दुपारी चाळिशी गाठतंय बघा' असा निकाल देऊन मोकळा होतो. पुलाजवळ ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पानपट्टीवाला जे करतो त्याला आमच्या सिलॅबसमध्ये नोडल ॲनालिसिस म्हणतात आणि त्याला एक आख्खं युनिट असतं. नोड बघायचा असेल तर कराडला प्रीतिसंगमावर जावं. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भिडतात आणि एक होऊन काटकोनात पूर्वेला वळतात. आलेलं पाणी बरोबर गेलेलं पाणी, हा किरचॉफचा पहिला नियम सरकारी कॉलेजच्या पोरांना संध्याकाळी फिरायला गेल्यावर फुकट दिसतो. कोयनेचं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वर्षाला वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीकडे उतरवता येतं, म्हणजे ती फांदी वजा धरायची, हे पाटणच्या माणसाला शिकवावं लागत नाही. वारणा मिळते ती हरिपूरला, सांगलीच्या खालच्या अंगाला. तरी ती फुगली की वर सांगलीत पाणी तुंबतं, हेही सगळे जाणतात. आणि अलमट्टी? तिच्यामुळे सांगली बुडते की नाही यावर तज्ज्ञ खुशाल भांडोत, पण डिपेंडंट सोर्सचा इतका चोख नमुना जगात दुसरा नसेल. आपल्याकडून जाणाऱ्या पाण्यावर तिचा विसर्ग ठरायचा, तिच्या विसर्गावर आपली पातळी ठरायची, आणि किंमत किती धरायची हे दुसऱ्याच राज्यातून कळायचं. डिपेंडंट सोर्स आला की पोरं पेन खाली ठेवतात. त्यांचे वडील त्याच सोर्सवर पारावर बसून तीन तास बोलतात. यावर एखादा शंकेखोर म्हणेल, की पाणी धरणात साठतं, करंट तारेत कुठे साठतो? त्या पोराला कपॅसिटर कळला आहे, त्याला पुढच्या युनिटवर पाठवा.

तेव्हा डोक्याचं माप चोख आहे. पुराच्या गणितात चुकलं तर धान्याची पोती माळ्यावर न्यायची राहून जातात, म्हणून माणूस स्वतः बेरीज करतो. नेटवर्कच्या गणितात मित्राची वही मिळते. प्रॅक्टिकलला तर वहीचीही गरज पडत नाही, कारण निष्कर्ष आधीच ठाऊक असतो. 'किरचॉफच्या नियमांचा पडताळा घेणे' हे प्रॅक्टिकल दरवर्षी होतं आणि जर्नलात किरचॉफ आजवर एकदाही हरलेला नाही. ब्रेडबोर्डची अर्धी भोकं सैल, मल्टिमीटरची बॅटरी उतरलेली, तरी येणाऱ्या आणि जाणाऱ्या करंटची बेरीज दशांश चिन्हानंतरच्या दोन घरांपर्यंत जुळते. कुठे थोडा फरक राहिलाच तर खाली 'पॅरॅलॅक्स एरर' असं लिहायचं, मग मीटर डिजिटल का असेना, आणि आकड्यांच्या मीटरकडे तिरकं बघितल्याने आकडा कसा बदलतो हे विचारायचं नाही. जे सर विचारतात, ते खाष्ट. मला तर वाटतं, खाष्टपणाची आपल्याकडची पूर्ण व्याख्या एवढीच आहे.

नोकरीत याचा काय उपयोग, असाही एक सूर असतो. महावितरणात लागल्यावर थेवेनिनला कोण विचारतं? सबस्टेशनात बसवायचा ब्रेकर किती करंट तोडू शकला पाहिजे हे ठरवायला फॉल्ट लेव्हल काढतात, आणि ती काढताना पोफळीच्या जनरेटरपासून त्या फिडरपर्यंतचं सगळं जाळं एका सोर्समागे एका इंपीडन्समध्ये गुंडाळलेलं असतं. विचारतात, फक्त नाव घेत नाहीत.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात आधुनिक आक्षेप. आता सगळं सॉफ्टवेअर करतं, हाताने लूप लिहायला लावणं म्हणजे छळ. यातलं 'आता' मला पटत नाही. स्पाइस हा प्रोग्राम बर्कलीला १९७३ साली तयार झाला, म्हणजे साताऱ्यात इंजिनिअरिंग कॉलेज निघण्याच्या दहा वर्षं आधी; आणि तो आतमध्ये करतो काय, तर आपल्या पानपट्टीवाल्याचं नोडल ॲनालिसिस. त्याने दिलेलं उत्तर खरं की वायरिंग उलटं भरलं म्हणून आलेलं, हे ओळखायला हाताने चार सर्किटं चुकवलेली असावी लागतात. सरांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्यांचं खरं युद्ध पोरांशी नसतंच, ते कॅल्क्युलेटरशी असतं. कॅसिओचं ९९१ एमएस तीन अज्ञातांची समीकरणं एका झटक्यात सोडवतं, त्यामुळे सर पेपरात चार लूप घालतात. तीनच लूप घालायचे झाले तर सोर्स एसीचा देतात, कारण त्या मशीनच्या समीकरणांच्या मोडमध्ये जे टाकता येत नाही. मग बसा क्रेमरचे डिटरमिनंट मांडत, एकेका घरात खरा भाग आणि काल्पनिक भाग सांभाळत, आणि एक वजा चिन्ह निसटलं की पुरवणीसकट पहिल्यापासून. पुढे चार अज्ञातं सोडवणारं नवं मॉडेल बाजारात आलं. होस्टेलवर पैसे काढून ते घेतलं गेलं, मॅन्युअलची झेरॉक्स खोल्याखोल्यांतून फिरली, नेटवर्क आता निघालंच असं सगळे एकमेकांना सांगू लागले. सरांनी लूप वाढवले नाहीत. त्यांनी दोनच लूपचं सर्किट काढलं, करंट किती हवा ते वर लिहून दिलं आणि खाली विचारलं, की मग मधला रेझिस्टर किती ओहमचा घालाल आणि का? पोरं तीन तास नवं कॅल्क्युलेटर हातात धरून बसली, आणि बाहेर आल्यावर पेपर आऊट ऑफ सिलॅबस होता यावर सगळ्यांचं एकमत झालं.