रंगाचा शेजार

मराठी घरातला ब्लाउजपीस शिवण्यासाठी नसतो, देण्यासाठी असतो. तो ओटीतून येतो, कपाटात काही महिने मुक्काम करतो आणि पुढच्या डोहाळजेवणाला दुसऱ्या ओटीतून निघून जातो. या व्यवहाराला एकच कडक नियम आहे. जिने दिला, तिच्याकडेच तो परत जाता कामा नये. आमच्याकडे हा सगळा हिशेब हिच्या डोक्यात असतो. वही नाही, चिठ्ठी नाही. तरी कोणता अंजिरी कोणाच्या मुंजीतला आणि कोणता पिस्ता कोणाच्या वास्तुशांतीचा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. मी सारी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवली, पण या खात्याची तपासणी करायची माझी कधी टाप झाली नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र मी थेट त्या चलनालाच कात्री लावली.

त्याला कारण ओहायो. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं कोलंबसला गेलो होतो. हिला तिथे दिवसरात्र काम होतं आणि मला काहीच नव्हतं. रिकामा सासरा घरभर फिरताना बघून जावयाने मला गाडीत घातलं आणि होम्स काउंटी दाखवायला नेलं. आमिश लोकांची तिथे मोठी वस्ती आहे. घोड्यांच्या बग्ग्या, घरात तारेवरची वीज नाही, टीव्ही नाही आणि दुकानादुकानांतून टांगलेले क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या गोधड्या. जुन्या वळणाच्या आमिश क्विल्टमध्ये छापील कापड नसतं, नुसते गडद, एकरंगी तुकडे असतात. अशाच एका क्विल्टसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. मग किमतीची चिठ्ठी पाहिली, डॉलरला रुपयांनी गुणलं आणि टेकायला बाक शोधला.

त्याच राज्याच्या दक्षिणेला, ॲडम्स काउंटीत, डोना स्यू ग्रोव्हज नावाच्या बाईंनी क्विल्ट शिवणाऱ्या आपल्या आईच्या मानासाठी कोठाराच्या भिंतीवर क्विल्टचा चौकोन रंगवायची कल्पना काढली. २००१ साली तिथे पहिला चौकोन लागला आणि मग ते लोण अमेरिकाभर पसरलं. हे ऐकताना मला आपल्या हायवेवरच्या भिंती आठवल्या. त्या सिमेंट, बनियन आणि मूळव्याध यांनी आपसात केव्हाच वाटून घेतल्या आहेत.

निघताना मुलीने माझ्या हातात ब्लॉकांचं एक पुस्तक, इंचांची रुंद पट्टी, कापायची चटई आणि फिरत्या पात्याचं कटर ठेवलं. हे कटर ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ साली बाजारात आणलं आणि तुकडे कापणाऱ्यांची कात्रीतून सुटका केली. "बाबा, बोटं सांभाळा," मुलगी म्हणाली. "बोटांचं ते बघतील," ही म्हणाली, "माझे ब्लाउजपीस कोण सांभाळणार?"

हिच्या माहेरून आलेलं पायमशीन आमच्याकडे गेली कित्येक वर्षं टीव्ही ठेवायच्या कामी येत होतं. आमिश बायका आजही पायमशीनवर शिवतात, असा परदेशी दाखला देऊन मी टीव्ही खाली उतरवला. पट्टा बदलला, तेल घातलं आणि बॉबिन भरायला बसलो.

ब्लॉक म्हणजे क्विल्टच्या वरच्या थराचा एक चौकोन. असे चौकोन जोडायचे, त्याखाली कापूस, त्याखाली अस्तर, आणि मग तिन्ही थर धावदोऱ्याने एकत्र बांधायचे. सगळ्यांत सोपा ब्लॉक म्हणजे नाइन पॅच, तीन ओळींत नऊ तुकडे. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला पाव इंच माया सोडायची, म्हणजे तयार ब्लॉक नऊ इंची हवा असेल तर तुकडा साडेतीन इंची कापायचा. इथवर कोणालाही जमेल. पण दोन रंगांचे त्रिकोण जोडून चौकोन करायचा असेल, तर मूळ चौकोन तयार मापापेक्षा सात अष्टमांश इंच मोठा लागतो, कारण तिरप्या शिवणीची माया टोकांकडे जास्त कापड खाते. ओहायो स्टार या ब्लॉकमध्ये एका चौकोनाचे चार त्रिकोण होतात, तिथे सव्वा इंच वाढवावा लागतो. लहानपणी गुरुजींनी छडीच्या धाकाने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकून घेतली होती. ती पुढे आयुष्यभर बिनकामाची डोक्यात पडून होती. अखेर साता समुद्रापलीकडच्या चिंध्यांनी तिचं सार्थक केलं. पाऊण इंचाच्या सतरा पट्ट्या म्हणजे पावणेतेरा इंच, हे मी व्हिडिओ कॉलवर सांगतो तेव्हा जावई अजून कॅल्क्युलेटर उघडत असतो.

गणित सुटलं, गाडी अडली रंगांवर. पुस्तकात बारा भागांचं रंगचक्र होतं. समोरासमोरचे रंग घ्या, उठाव येईल. शेजारशेजारचे घ्या, शांत वाटेल. एकाच रंगाच्या छटा घ्या, कोणी नाव ठेवणार नाही. माझ्या संग्रही तोवर एकूण सात रंग होते आणि त्यांतल्या निळ्या-लालाशी ओळख शाईपुरती. हिने कपाटातून नुसत्या लालाच्या घराण्यातले डाळिंबी, कुसुंबी, गाजरी, कुंकवाचा, विटकरी आणि आमसुली असे वेगवेगळे काढून दाखवले. आमसुली लालात धरावा की जांभळ्यात, यावर आमचं एक जेवण थंड झालं.

पहिल्या ब्लॉकसाठी मी राणी आणि पोपटी घेतले. चक्रावर हे जवळजवळ समोरासमोर येतात. "हे सांगायला पुस्तक लागलं?" ही म्हणाली. "हिरव्या लुगड्याला लाल काठ लावणाऱ्या कोष्ट्याने कुठलं चक्र बघितलं होतं?"

दुसरा ब्लॉक वरच्या ओळीत केशरी, मधल्या ओळीत पांढरा, खालच्या ओळीत हिरवा असा झाला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त नायब तहसीलदार चहाला आले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि राष्ट्रीय सन्मानाच्या १९७१च्या कायद्याप्रमाणे तिरंगा उशीवर, रुमालावर किंवा नॅपकिनवर येऊ शकत नाही, हे निदर्शनास आणून दिलं. "याचं काय करणार आहात?" "पांघरूण." त्यांनी उरलेला चहा घेतला नाही.

मग मी ओळी फिरवल्या. तेव्हा नेमकी निवडणूक आली. निळा वाढवला, हिरवा कमी केला, पिवळा आणला, तरी येणारा-जाणारा युती की आघाडी हेच विचारी. शेवटी कंटाळून एक ब्लॉक नुसता भगव्याच्या छटांचा केला. तो पाहायला दोन वेगवेगळ्या पक्षांचे दोन कार्यकर्ते आले आणि दोघांनाही तो आपलाच वाटला.

यातून नवरात्राने सोडवलं. वर्तमानपत्रांनी रूढ केलेले नऊ दिवसांचे नऊ रंग आणि नाइन पॅचचे नऊ तुकडे, असा योग चुकवणं शक्यच नव्हतं. शिवाय रोजचा रंग वर्तमानपत्राने ठरवलेला, त्यामुळे जबाबदारी माझी नाही. आठ रंग कपाटात निघाले. नववा करडा. करडा मात्र कोणी कोणाच्या ओटीत घालत नाही.

तो आणायला लक्ष्मी रोडवरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेलो. भिंतभर टू बाय टू कापडाचे गठ्ठे आणि काउंटरवर पदर पसरून उभ्या असलेल्या बायका. माझा नंबर आल्यावर दुकानदाराने विचारलं, "साडी आणलीय का काका?"

"साडी नाही. आठ तुकडे आहेत. आठांनाही चालेल असा करडा द्या."

त्याने तुकडे घेतले आणि काही न बोलता फुटपाथवर गेला. ट्यूबलाइटखाली गळ्यात गळा घालणारे दोन रंग उन्हात एकमेकांना ओळख दाखवत नाहीत, हे मॅचिंगवाल्याला पदार्थविज्ञान न शिकता माहीत असतं. आठही तुकडे उन्हात धरून झाल्यावर तो म्हणाला, "काका, हा करडा वांगी रंगाजवळ हिरवट मारेल आणि लिंबाजवळ जांभळट. कुणाशेजारी बसवणार ते आधी ठरवा, मग कापड फाडतो."

फुटपाथवर दोन मिनिटांत मिळालेल्या या ज्ञानासाठी फ्रान्समध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने कित्येक वर्षं घालवली होती. मिशेल शेव्रल हे पॅरिसच्या गोबेलँ या राजेशाही विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख होते. तिथल्या विणकरांची तक्रार अशी, की काळा रंग पुरेसा काळा येत नाही. शेव्रलनी काळ्या धाग्याची तपासणी केली. काळा निर्दोष निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका दिसत होता. यावर त्यांनी १८३९ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. ते १०२ वर्षं जगले. शेजाऱ्यांचा परिणाम वेळीच ओळखला की माणसाला आयुष्य लाभतं, असा मी याचा अर्थ काढला आणि ब्लॉक शिवायला दुपारची वेळ धरली, नायब तहसीलदारांच्या वामकुक्षीची.

करडा मधोमध बसवला आणि चमत्कार झाला. भोवतीचे आठही रंग एकदम उजळले. नवरात्रात ज्या रंगाच्या दिवशी बायकांची सर्वांत जास्त धावपळ होते, त्याच रंगाने सगळ्या ब्लॉकचं काम केलं होतं. कौतुक मात्र मोरपंखीचं झालं.

मग मी लॉग केबिनकडे वळलो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घरोघर शिवला गेलेला हा ब्लॉक. मधोमध लहान चौकोन, बहुधा लाल. तो घरातली चूल मानतात. तिच्याभोवती पट्ट्यांवर पट्ट्या, लाकडी ओंडक्यांच्या भिंती रचाव्यात तशा. लगतच्या दोन बाजूंना फिकट पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. तेच ब्लॉक एका रीतीने मांडले की तिरक्या सरी दिसतात, जरा फिरवून मांडले की एकात एक हिरे. इथे रंगाला जातकुळी कोणी विचारत नाही. फिकट की गडद, एवढाच प्रश्न. तो सोडवायची रीत म्हणजे डोळे किलकिले करून बघायचं. रंग विरघळतात, उजेड आणि सावली उरते. ही सवय मला इतकी लागली, की मंगल कार्यालयात समोरच्या रांगेतल्या साड्यांकडे मी डोळे बारीक करून बघत बसलो. हिने कोपराने ढोसलं. मी फिकट-गडद पारखत होतो हे हिला पटलं. समोरच्या रांगेला पटलं असेलसं वाटत नाही.

दिवाळीला सासूबाई आल्या. वाईकडच्या एका गावात त्यांनी उभ्या जन्मात वाकळांवर वाकळा शिवल्या. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर अंथरायची आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचं. मी ब्लॉकांची चळत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पहिला ब्लॉक उलटा केला आणि मागची शिवण पाहिली.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. "जावईबापू, पांघरायचं कधी?"

"अजून हे नुसते ब्लॉक आहेत. क्विल्ट व्हायचा आहे."

"म्हंजे थंडी थांबलीय व्हय तुमच्यासाठी?"

मी विषय रंगसंगतीकडे वळवला. त्या रंग कसे ठरवायच्या, ते विचारलं. "ठरवायचं काय त्यात? मळखाऊ वर, मऊ आत. धुण्यात जाईल तो रंग जातोय, ऱ्हाईल तो आपला." मी रंगचक्र मिटून ठेवलं.

एव्हाना हिचं लक्ष माझ्या किलकिल्या डोळ्यांकडे गेलं होतं, कारण आता मी आमटीकडेही तसंच बघायला लागलो होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन उभं केलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी समजावून सांगितलं, की वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड आत कमी येतो. म्हणजे आजवरच्या माझ्या साऱ्या रंगसंगती पिवळ्या काचेतून जुळवलेल्या होत्या. चित्रकार क्लोद मोने यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १९२३ साली झाली. नंतर त्यांना जग फार निळं दिसू लागलं आणि आधीची काही चित्रं त्यांनी पुन्हा रंगवायला घेतली. त्यांना तेवढं परवडलं. चित्रावर नुसता ब्रश फिरवायचा असतो. उसवावं लागत नाही.

आधी उजवा डोळा झाला. घरी आल्या आल्या लॉग केबिन घेऊन बसलो. डावा डोळा झाकला तर फिकट बाजू पांढरी शुभ्र. उजवा झाकला तर तीच बदामी. करडा एका डोळ्याला करडा, दुसऱ्याला चक्क निळा. "तो निळाच आहे," ही म्हणाली. "दुकानातून आणलात तेव्हाच सांगितलं होतं." एका कापडात दोन रंगसंगती मिळतात हे पाहून मी हरखून गेलो. मुलीला व्हिडिओ कॉलवर दोन्ही डोळ्यांचा निकाल कळवला, तर ती म्हणाली, "बाबा, मला तुमचे डाव्या डोळ्याचे ब्लॉक जास्त आवडतात."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारली. मी म्हटलं, "घाई नको. निम्मे ब्लॉक या डोळ्याच्या हिशेबाने शिवलेले आहेत, तेवढे जोडून होऊ देत."

डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिलं.

"उद्याची द्या," ही म्हणाली. "यांचं जोडून होईपर्यंत तुम्ही निवृत्त व्हाल."