एका बोटाची कुस्ती

कुस्ती नुरा आहे, ही अमेरिकी प्रेक्षकाची तक्रार कधीच नव्हती. नुरा तर नुरा, पण रंगवा तरी, एवढंच त्याचं मागणं. ४ जानेवारी १९९९ला अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीला तेवढंही जमलं नाही.

आठवडाभर आधी केव्हिन नॅशने गोल्डबर्गला हरवून विजेतेपदाचा पट्टा घेतला होता. सव्वा वर्ष तळहातावर जपलेली गोल्डबर्गची अपराजित घोडदौड एका विजेच्या झटक्यात खलास. आता नॅशसमोर हल्क होगन. होगनने तर्जनी पुढे केली, नॅशच्या छातीला टेकवली. नॅश धाडकन आडवा! एक, दोन, तीन. पट्टा होगनकडे, आणि मग दोघांची गळाभेट. गोल्डबर्गला पटकथेने आधीच पोलिसांच्या ताब्यात दिलं होतं. परत आणलं ते मार खायला.

होगनच्या करारानुसार त्याच्या पात्राचं काय व्हावं, यावर त्याचाच शब्द चाले. म्हणजे पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच. नापास कोण होणार?

त्याच रात्री समालोचक टोनी शियावोनेने, वरून आलेल्या हुकमानुसार, प्रतिस्पर्धी कंपनीच्या कार्यक्रमात मिक फोली जिंकणार हे फोडून टाकलं, वर टोमणाही मारला. झालं, लाखो लोक फोलीला बघायला तिकडे पळाले. स्वतःच्या कार्यक्रमात समोरच्याची जाहिरात, तीही फुकट!

मार्च २००१मध्ये त्याच प्रतिस्पर्धी कंपनीने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली. आणि फेब्रुवारी २००२मध्ये होगन आणि नॅश, जोडीनेच, नव्या मालकाकडे कामावर रुजू झाले.