बंपर काळा होईपर्यंत

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोली, खालापूर, चौक करत दांड फाट्याला डावीकडे वळलं की रसायनी येतं. पर्यटक तिथे वळत नाहीत. ते सरळ पनवेलला जातात, किंवा एक्सप्रेसवेवरून खालापूरचा टोल भरून वडापाव खातात आणि मुंबई गाठतात. रसायनीला वळतो तो कामगार, केमिस्ट, टँकर, नाहीतर ज्याचा मामा तिथे राहतो तो. आम्ही शेवटच्या वर्गातले. मामाही आमचे नव्हेत, साडूंचे.

२०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सरकारी धोरणाचा सामान्य माणसावर काही परिणाम होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या साडूंना भेटावं. त्यांनी ती बातमी कात्रीने कापून ठेवली आणि फंडाच्या पैशातून एका शाळेने काढून टाकलेली टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. बाकडी उपटून आत पलंग, ओटा, बेसिन आणि पडद्याआड जे हवं तेही बसवलं. "आता आयुष्यात हॉटेलची पायरी चढायला नको," असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. बेत अलिबागचा होता.

आतून गाडी झकास. बाहेरून पत्र्यालाही नवा पांढरा रंग. पण प्लास्टिकवर तो रंग धरणार नाही असं पेंटरने सांगितल्यामुळे पुढचा-मागचा बंपर, चाकांवरच्या कमानी, आरशांची टोपणं, दाराखालच्या पट्ट्या होत्या तशाच राहिल्या. एके काळी हे सगळं काळं असावं. आता राखाडी. बोट फिरवलं की बोटाला भुकटी, टेकून उभं राहिलं की पँटवर शिक्का. छपरावरच्या हवेच्या झडपेला तर शेवाळ धरलं होतं, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या भागात ती गाडी मुलं ने-आण करत होती.

"इकडेच आणा," मामा फोनवर म्हणाले होते. "उभा जन्म पाताळगंगा एमआयडीसीत काढलाय. प्लास्टिक मला काय नवीन? चहा होईपर्यंत काम करून देतो."

मोहोपाड्यात मामांच्या सोसायटीसमोर गाडी लावली आणि साडू पायरीची फळी बाहेर ओढेपर्यंत एक आजी छत्री टेकत आल्या. "साखर तपासता का बीपी पण?" पाठोपाठ एक गृहस्थ जुना चष्मा रुमालात गुंडाळून हजर. पांढरी गाडी, आत पलंग, दारात फळी. हे शिबिर नाही हे पटवायला वेळ गेला. पटल्यावर चष्मेवाल्यांनी विचारलं, "मग प्रचाराची का? कुठल्या पक्षाची?" साडू म्हणाले, "ही राहायची गाडी आहे. आम्ही फिरायला निघालोय." गृहस्थांनी गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "आणि घराचं काय झालं?"

मामा लुंगीवर खाली आले. बंपरवर नख ओढलं, भुकटीचा वास घेतला.

"पॉलिप्रॉपिलीन," ते म्हणाले. "नात्ताने १९५४ साली इटलीत बनवलं. १९६३ साली त्याला आणि झीग्लरला मिळून नोबेल."

"मामा, ते काळं कसं करायचं?"

"आधी पांढरं का झालं ते समजून घे. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेणूंच्या साखळ्या तुटतात. वरच्या थराला डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक भेगा पडतात, त्यांत उजेड विखुरतो, म्हणून राखाडी दिसतं. काळेपणा कुठे गेलेला नाही. आत आहे."

रसायनीत एखादी गोष्ट जाहीरपणे बिघडणं धोक्याचं. केंद्र सरकारने १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स काढली, तिचा कारखाना इथे आला, पाठोपाठ कीटकनाशकं आली, नदीकाठी एमआयडीसी आली. त्यामुळे इतर गावांत पारावर राजकारण चालतं तिथे इथे नायट्रोबेंझीन, ॲनिलीन आणि प्लॅन्टचे शटडाऊन चालतात. निवृत्त माणसांना बॉयलर उरलेला नाही, पण मत उरलेलं आहे. अर्ध्या तासात गाडीभोवती किमान तीन पाळ्यांचे सुपरवायझर जमले.

पहिल्यांनी रॉकेल सुचवलं. रेशनवर रॉकेल मिळायचं त्या काळात स्कूटरचं मडगार्ड त्यानेच चमकायचं म्हणे. दुसऱ्यांनी डिझेल. तिसऱ्यांनी खोबरेल, तेही पॅराशूटच. टूथपेस्टवाले दोघे होते, पण त्यांच्यात लाल की पांढरी यावरून फूट पडली. मामांनी सगळ्यांना एका वाक्यात झोपवलं, "तेल भेगांत बसतं, दोन दिवस काळं दिसतं, धूळ धरतं, आणि पहिल्या सरीबरोबर गाडीच्या रंगावर ओघळतं."

"मग आमचं नायट्रोजन टेट्रॉक्साइड लावा," एक जण खवचटपणे म्हणाले. हा इथल्या अभिमानाचा विषय. २०१७ साली केंद्राने तोट्यातला कारखाना बंद करायचं ठरवलं तेव्हा तेवढा एक विभाग वाचवून इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला, कारण ते द्रव्य रॉकेटच्या विकास इंजिनाला लागतं. साडूंचे डोळे चमकले. "त्याने बंपर निघेल?"

"निघेल," मामा म्हणाले. "तुझ्यासकट."

मग रीतसर काम सुरू झालं. पहिली पायरी साबणाचं पाणी. इथे मामांनी पाच मिनिटं घेतली: फेस आणणाऱ्या साबणाच्या भुकटीला लिनिअर अल्किल बेंझीन लागतं, ते रिलायन्स इथेच पाताळगंगेला करते, आणि नदीतलं पाणीही साधं नाही, लोणावळ्याकडच्या तलावांतून उतरून १९१५ पासून खोपोलीला टाटांची वीज करतं आणि मग पाताळगंगेत येतं. इतकं घराणं असलेल्या फेसाने आम्ही बंपर घासू लागलो. मऊ ब्रश, तारेची घासणी अजिबात नाही. तारेने नवे ओरखडे पडतात आणि त्यांत परत मळ बसतो. बादलीतलं पाणी राखाडी होत गेलं, बंपर होता तसाच राहिला. सुकल्यावर तो आधीपेक्षा पांढरा दिसायला लागला.

"हे बरोबर आहे," मामा म्हणाले. इतर कोणालाच ते बरोबर वाटलं नाही.

मामीने वरून हाक मारली, "अहो, चहा होऊन गार झाला!"

दुसरी पायरी आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्याने जुनं तेल, मेण निघतं. साडूंनी उत्साहात तोच बोळा खिडकीकडे नेला आणि मामा किंचाळले. "ती ॲक्रिलिक आहे! स्पिरिट, थिनर, काच पुसायचा अमोनियावाला फवारा, काही लागलं की जाळीसारखे तडे जातात. तिला फक्त साबण आणि मऊ फडकं!" मग छपराचं फायबर वेगळं निघालं, त्याला रबिंग कंपाउंड आणि वर मेण, झडपेचं प्लास्टिक आणखी वेगळं, ते पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. एका गाडीत इतक्या जातीची प्लास्टिकं आणि प्रत्येकीचं सोवळं निराळं. साडू वहीत लिहून घेत होते.

एवढ्यात गाड्यांना स्टिकर लावणारा एक पोरगा हीट गन घेऊन आला. "काका, बाजूला व्हा." त्याने नळी बंपरपासून वीतभर अंतरावर धरली आणि सावकाश सरकवली. नळीखालचं प्लास्टिक आधी ओलसर दिसलं, मग राखाडीतून काळ्या रंगाची पट्टी उमटली, अगदी पाटीवर ओला बोळा फिरवावा तशी. सगळे सुपरवायझर गप्प झाले. "वरचा थर किंचित वितळतो, भेगा मिटतात," मामा पुटपुटले, पण नाइलाजाने. पोरगा हात दाखवायला एका कोपऱ्यावर थांबला. तो कोपरा काळाभोर झाला, चकाकला, आणि खाली वाकला.

"एक-दोनदाच चालतं हे," मामा समाधानाने म्हणाले. "आणि ऊन परत तेच करतं. वर काळं रिस्टोरर लावावं लागतं, ते सुकू द्यावं लागतं. उद्या सकाळपर्यंत."

उद्या सकाळ ऐकताच दोघी बहिणी गाडीतून पर्सा घेऊन उतरल्या. मेहुणीने विचारलं, "आपट्याला रिक्षा जाते ना?" रसायनीनंतरचं रेल्वे स्टेशन आपटा. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा १९९५ सालचा धावत्या गाडीचा शेवट तिथे चित्रित झाला होता. संध्याकाळी दोघी परतल्या त्या लाजऱ्या चेहऱ्याने. फलाटावर दोघींनी एकमेकींना हात देऊन ओढल्याचे फोटो होते. प्रवासी गाडी सुटलेली नव्हती, मालगाडी उभी होती, पण तपशिलात कोण जातं.

इकडे रिस्टोररचा पहिला हात झाला होता आणि सोसायटीतून प्लास्टिक खाली यायला लागलं होतं. विटलेल्या खुर्च्या, स्कूटरचे पॅनल, पाण्याच्या टाकीचं झाकण, एका बाईंची बागेतली झारी. मामा एकेक उलटं करून खालचा त्रिकोणातला आकडा वाचत होते आणि निदान सांगत होते. चष्मेवाले गृहस्थ रांग लावत होते. आजींनी मात्र आशा सोडली नव्हती. त्यांनी पलंगावर बसून घेतलं आणि बाही वर केली.

सकाळी गाडी खरंच देखणी दिसत होती. वाकलेला कोपराही काळा असल्यामुळे मुद्दाम केल्यासारखा वाटे. सावरोली-खारपाडा रस्त्याने आम्ही गोवा महामार्गाकडे निघालो. साडू चाळीसच्या वर जात नव्हते. समोरून खडीचा डंपर आला, ताडपत्री नसलेला, आणि बाजूने गेला. गाडीवर, आरशावर, बंपरवर पांढऱ्या धुळीचा एकसारखा थर बसला. साडूंनी गाडी कडेला घेतली आणि न बोलता मागून बादली काढली.

"ओलं फडकं की कोरडं?" त्यांनी मला विचारलं आणि मामांना फोन लावला.

खारपाड्याच्या नाक्यावर पेणकडे जाणारी एसटी मिळते. दोघी बहिणी चालत पुढे गेल्या आणि त्यांना ती मिळाली. दुपारी अलिबागच्या किनाऱ्यावरून शहाळ्याचा फोटो आला, तेव्हा मामा आम्हाला फोनवर आरशाचं टोपण कुठल्या दिशेने पुसायचं ते सांगत होते.