नुसतं बघतोय

"नुसतं बघतोय" हे वाक्य ज्या आवाजात म्हटलं जातं, त्या आवाजात एरवी माणूस फक्त तिकीट तपासनिसाशी बोलतो. घरचा कर्ता, सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीला घाम फोडणारा गृहस्थ कपड्यांच्या शोरूममध्ये शिरतो, आतला थंड वारा अंगावर येतो आणि तेवढ्यात समोर एक तरुण टोपली पुढे करून उभा. "सर, क्या देख रहे हो?" त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव अस्सल साताऱ्याचं. माझं आडनाव माझ्या चपलांवरूनही ओळखता यावं. तरी आमचं दोघांचं हिंदीत सुरू होतं.

"कुछ नहीं, ऐसेच देख रहा है."

"देखो ना सर, आराम से."

आणि मी आरामात बघावं म्हणून तो माझ्या मागे दोन फुटांवर उभा राहतो.

आता आराम कसला? मी शर्टाला हात लावला की तो घडी मोडतो. मी हँगर परत अडकवला की तो हँगर सरळ करतो. मी डावीकडे, तो डावीकडे. अशा वेळी आपल्याला कपड्यातलं काहीतरी कळतं असं दाखवावंच लागतं. मी कॉलर उलटी करतो, शिलाई ओढून बघतो, कापड दोन बोटांत चोळतो. हे सगळं मी वडिलांना करताना पाहिलेलं. ते का करत हे विचारायचं राहून गेलं. शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून विचारतो, "धुतल्यावर आटत नाही ना?" "नहीं सर, बिलकुल नहीं." दुकानात आजवर एकही शर्ट आटलेला नाही. ते काम कायम घरीच होतं.

बिलाच्या काउंटरवर सुटलो म्हणावं, तर तिथे मोबाइल नंबर. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं, की नंबरासाठी गिऱ्हाइकाची अडवणूक करू नका. पण काउंटरवरची मुलगी इतक्या गोड आवाजात "नंबर सर?" म्हणते, की तोंडून आकडे आपोआप बाहेर पडतात. परिणाम असा, की माझ्या वाढदिवसाची पहिली आठवण रात्री बाराच्या ठोक्याला एका बुटांच्या दुकानाला होते. सख्ख्या भावाला दुपारी होते.

गंमत म्हणजे हा पाठलाग चुकावा म्हणूनच ही उघड्या फळ्यांची दुकानं निघाली, असा माझा समज होता. तो काही अगदीच निराधार नव्हता. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' नावाचं किराणा दुकान काढलं. तोवर गिऱ्हाइकाने काउंटरपाशी उभं राहून यादी द्यायची आणि आतल्या माणसाने माल काढून द्यायचा, अशी रीत. आपल्या वाण्याकडे होती तीच. साँडर्सने गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली आणि म्हटलं, जा आत, हवं ते घे. काउंटरमागच्या माणसांचा पगार वाचला. पुढे त्याला या मांडणीचं पेटंटही मिळालं. शंभराहून अधिक वर्षांनी आपण काय केलं? टोपली ठेवली, फळ्या ठेवल्या आणि वाचवलेला माणूस परत आणून गिऱ्हाइकाच्या मानेमागे उभा केला.

कोरियात एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने यावर तोडगा काढला. दारातच दोन रंगांच्या टोपल्या ठेवल्या. एक घेतली की मदत हवी, दुसरी घेतली की मला एकटं सोडा. कल्पना झकास आहे, पण आपल्याकडे दोन रंग पुरायचे नाहीत. 'मदत हवी आहे, पण विचारणार नाही' याला एक रंग लागेल. 'बाहेर ऊन फार आहे' याला एक. आणि 'घेणार ऑनलाइन, इथे फक्त माप बघतोय' ही टोपली तर आठवड्यात झिजेल.

फ्रिज-टीव्हीच्या दुकानातली तऱ्हा आणखी वेगळी. तिथे आपल्याला घेरणारी बरीचशी मुलं दुकानाची नसतातच. ती प्रमोटर, पगार कंपनीचा, उभं राहायचं दुकानात. हे माहीत नसताना मी एकाला भाबडेपणाने विचारलं, "यातला चांगला कुठला?" त्याने शेजारच्या फ्रिजकडे असं पाहिलं, की तो फ्रिज आतून गरम झाला असावा. मग आमच्या घरात माणसं किती, वीज किती वेळा जाते, बर्फ लागतो का, सगळी चौकशी झाली आणि या सर्व प्रश्नांचं उत्तर त्याच्याच कंपनीचा फ्रिज निघालं. मी एक फरशी पुढे सरकलो, तर तो जागेवरच थबकला. पुढची हद्द दुसऱ्याची. तिथला मुलगा म्हणाला, "घरात माणसं किती, सर?"

त्याच्यावर मी रागावत नाही. महिन्याचं टार्गेट त्याच्या डोक्यावर, इन्सेंटिव्ह त्यावर अवलंबून, आणि मी बर्फाबद्दल तोंडाला येईल ते बोलणारा.

खरी कला बघायची तर लग्नाचा बस्ता काढायला जावं. लक्ष्मी रोड असो की दादर, जुन्या वळणाच्या दुकानात पांढरीशुभ्र गादी असते. समोर विक्रेता मांडी घालून, इकडे आपण. तो कधीच "काय देऊ?" विचारत नाही. "या वहिनी, बसा," म्हणतो, माणसं न्याहाळतो आणि क्षणात ओळखतो की साडी नेसणार कोण, पसंत करणार कोण आणि पैसे कोण देणार. साडी नवरीपुढे उलगडतो, काठ नवरीच्या आईला दाखवतो, पण किंमत सांगताना बघतो मात्र सासूबाईंकडे. पैसे देणाऱ्या पुरुषाकडे कोणीच बघत नाही; त्याच्यासाठी चहा मागवलेला असतो. चहा प्यायला की उठून जायची सोय संपली. मग हा मिशीवाला बाप्या पदर स्वतःच्या खांद्यावर टाकतो, निऱ्यांची चार बोटं धरतो, मान किंचित कलती करतो आणि विचारतो, "कसं दिसतंय?" आमच्या मावशी एकदा बोलून गेल्या, "तुम्हाला जास्त खुलतोय हो." त्याने तोही रंग बांधून दिला.

त्या गादीवर दोघंही बसलेले असत, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. शोरूम झाली, काचेचे काउंटर आले, गिऱ्हाइकाला स्टूल मिळालं आणि विक्रेता जो उभा राहिला तो उभाच. केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांना कामावर बसण्यासाठी भांडावं लागलं. २०१८ साली तिथे कायद्यात बदल झाला, २०२१ मध्ये तामिळनाडूने केला. दिवसभर उभ्या असलेल्या मुलीने आपल्याकडे हसून बघावं अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी लोकलमध्ये कल्याण ते सीएसएमटी उभ्याने जाऊन यावं, हसत.

इतकं लक्ष सोसून झाल्यावर मला आमच्या नाक्यावरचा हार्डवेअरवाला फार आवडायला लागला आहे. तो बघतच नाही. तुम्ही काउंटरपाशी उभे राहा, खाकरा, गाडीची किल्ली आपटा, तो आधी प्लंबरला सॉकेट देणार, मग कॉन्ट्रॅक्टरला खिळे तोलून देणार, मग पेन कानामागे खोचून म्हणणार, "बोला."

मी बोललो. म्हणजे हातवारे केले. "ते गोल असतं ना, नळाच्या आत, काळं..."

"वॉशर. नळ टिपकतोय का फिरतच राहतोय?"

हा प्रश्न मला घरात कुणीही विचारला नव्हता. मी आठवून म्हणालो, "फिरतच राहतोय."

"मग वॉशर घेऊन काय करता? आटे गेलेत. स्पिंडल लागेल. जुना आणलाय?"

"नाही."

"मग काढून आणा."

"अंदाजाने द्या की एक."

"अंदाजाने नळ बंद होतो का साहेब?" असं म्हणून त्याने माझ्या मागच्या माणसाला "बोला" म्हटलं.

घरी आलो. बादली भरून वाहत होती. बायकोने विचारलं, "काय आणलंस?"

"काही नाही," मी म्हणालो, "पण दुकान फार चांगलं आहे."