लॉसलेस नाना

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत तीन नाना आहेत. एक पाण्याच्या टाकीचे, एक भिशीचे आणि तिसरे लॉसलेस. हे तिसरं नाव कुणी ठेवलं नाही, नानांनी ते स्वतः ओढवून घेतलं. जिन्यात भेटेल त्याला त्यांचा पहिला प्रश्न असतो, "गाणी कशात ऐकता?" समोरचा 'मोबाइलमध्ये' म्हणाला की नाना डोळे मिटतात. 'चांगल्या हेडफोनवर' म्हणाला तरी मिटतात. त्यांना हवं असतं ते उत्तर 'फ्लॅकमध्ये', आणि ते आजवर एकाच मुलानं दिलं. तोही नवा भाडेकरू होता आणि 'फ्लॅटमध्ये' म्हणाला होता. नानांनी त्याला वर नेऊन चहा पाजला.

नानांची नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी विभागात झाली. जन्म मायक्रॉनमध्ये मोजण्यात गेला. निवृत्तीनंतर मायक्रोमीटर कुठे लावावा हा प्रश्न होता. काकूंनी पोळ्यांना लावू दिला नाही, मग तो गाण्यांना लागला.

तसे ते आधी सुखी होते. एका सीडीत दीडशे गाणी मावतात याचं सगळ्या गावाला अप्रूप होतं त्या काळात त्यांनी एमपीथ्री जमवली. पुण्याचा भाचा सुट्टीत आला आणि त्यानं सहज सांगितलं, "मामा, एमपीथ्री करताना कानाच्या लक्षात येणार नाही असा आवाज गाळून टाकतात." सीडीवर सेकंदाला 1411 किलोबिट असतात, मामांच्या फायलींत 128. भाचा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. मामा रात्रभर हिशेब करत बसले. अकरा भागांतले दहा भाग गेले, आणि तेही कोणत्या इन्स्पेक्टरच्या सहीनं?

त्यावर उपाय म्हणजे फ्लॅक. ही 2001 साली आलेली लॉसलेस पद्धत सीडीवरचं गाणं साधारण निम्म्या जागेत बसवते, पण त्यातला एकही बिट टाकत नाही. उलगडलं की जसंच्या तसं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी हे ऐकून आपली सगळी एमपीथ्री एका रात्रीत फ्लॅक करून टाकली आणि सकाळी पेढे घेऊन आले. नानांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "पातळ आमटी मोठ्या पातेल्यात ओतली म्हणून दाट होत नाही हो." गेलेलं परत येत नाही, फाइल फक्त फुगते. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

म्हणजे मूळ सीडी मिळवून नव्यानं रिप करणं आलं. नानांनी नातेवाइकांच्या शोकेसमधल्या सीडी गोळा केल्या, लग्नात आहेर म्हणून आलेल्या आणि वेष्टनसुद्धा न फोडलेल्या. प्रत्येक सीडी दोनदा वाचायची आणि जगभर इतरांनी काढलेल्या नकलांशी ताडून पाहायची. त्याचं सॉफ्टवेअर असतं. ताळा जुळला की हिरवी खूण येते. ती आली की नाना समाधानानं मान डोलावतात. लोक समेवर डोलावतात तशीच, फक्त गाणं चालू नसतं.

गाणं ऐकायचं कधी, हा प्रश्न मी एकदाच विचारला. "ऐकायचं काय? दिसतंय ना," म्हणत त्यांनी स्क्रीनवर आलेख काढला. जुन्या फायलीचा आलेख 16 हजार हर्ट्झला कापल्यासारखा थांबतो. नव्याचा 22 हजारांपर्यंत जातो. साठी उलटलेल्या कानाला बारा हजारांच्या वरचं फारसं काही कळत नाही, आणि नाना सत्तरीला टेकलेत, हे मी बोललो नाही. त्यांना ते माहीत आहे. "मला ऐकू येत नाही म्हणून ते नसावं का?" एवढंच ते म्हणतात, आणि खरं सांगायचं तर याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्यांचा खास जिव्हाळा दत्तात्रेय विष्णू पलुस्करांवर. पलुस्कर 1921 साली नाशिकला जन्मले, आणि वडिलांचा रामनाम आधार आश्रम पंचवटीतला, हे सांगितल्याशिवाय नाना त्यांचं गाणं लावत नाहीत. 1955 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, म्हणून जे ध्वनिमुद्रण उरलं ते सोन्यासारखं. त्यातलं बरंचसं 78च्या तबकड्यांवर, तीन-सव्वातीन मिनिटांचं. नानांनी अशी एक तबकडी 24 बिटमध्ये उतरवून घेतली. मला बोलावलं, दिवे मंद केले. "ऐक, खरखर किती स्वच्छ आलीय!"

पण या सगळ्यात नानांचा जीव खरा अडकला तो यादीत. प्लेलिस्ट. त्यांच्याकडे 'ओझर बस' नावाची यादी आहे. नोकरीच्या काळात रोज बसमध्ये मनातल्या मनात म्हणायच्या गाण्यांची. 'लोडशेडिंग' आहे, 'पहाटे पाणी येतं तेव्हा' आहे, आणि 'ही माहेरी' नावाची एक आहे, जी काकूंच्या देखत उघडत नाहीत. (मी पाहिली आहे. सगळी भक्तिगीतं आहेत.) या याद्या जमवायला वीस वर्षं गेली. एक गाणं संपता संपता पुढच्याची सुरावट नानांच्या घशात आपोआप येते. गाणं बाजारात मिळेल, तो क्रम कुठे मिळणार?

आणि यादी म्हणजे मुळात काय, तर फायलींचे पत्ते लिहिलेला एक साधा कागद. गाणं त्यात नसतंच. घरं बदलली की पत्ते चुकतात. नानांनी एमपीथ्री काढून फ्लॅक ठेवली आणि सगळ्या याद्या एका क्षणात मुक्या झाल्या. मी सुचवलं, यादी नोटपॅडमध्ये उघडा, 'एमपीथ्री' शोधा आणि तिथे 'फ्लॅक' घाला. नानांनी घातलं. त्यांच्या मूळ फोल्डरचंही नाव एमपीथ्रीच होतं. तेही बदललं, आणि याद्या आता अशा फोल्डरचा पत्ता सांगू लागल्या जो पृथ्वीवर नव्हता.

ते निस्तरताना त्यांनी याद्या जुन्या पद्धतीनं सेव्ह केल्या, आणि त्या पद्धतीला देवनागरी येत नाही. सगळे गायक प्रश्नचिन्ह झाले. दुसरा कुणी असता तर रडला असता. नानांनी वही काढली. संगणक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, पायमोड सगळं वेगळं मोजतो, त्यामुळे प्रत्येक नावाची चिन्हं ठरलेली. सहा आणि चार म्हणजे भीमसेन जोशी. पाच आणि सहा, कुमार गंधर्व. सहा-सहा, किशोरी आमोणकर. तीन आणि सात, लता मंगेशकर. घराण्यांचा असा अभ्यास संगीताच्या इतिहासात कुणी केला नसेल. घात फक्त एका ठिकाणी झाला. माणिक वर्मा पाच-पाच, आणि शाहीर साबळेही पाच-पाच. आजही 'पहाटे पाणी येतं तेव्हा'मध्ये नळ सुटला की एका भावगीतानंतर अचानक डफ कडाडतो आणि काकूंच्या हातून बादली सुटते.

या सगळ्यावर कळस चढला तो रामनवमीला. काळाराम मंदिरात दुपारी बाराला जन्म होतो तेव्हाच आपल्या घरीही व्हावा, अशी नानांची योजना. गीतरामायण 1955च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललं, त्याची एकंदर 56 गीतं. रामजन्माचं सहावं. नानांनी पाच गीतांची मिनिटं सेकंदांसकट मांडून सुरुवातीची वेळ काढली. सोसायटी जमली होती. पाळणा सजवलेला, सुंठवड्याच्या वाट्या भरलेल्या. पहिलं गीत झालं, लवकुश गाऊ लागले. दुसऱ्यात विश्वामित्र राघवाला मिथिलेला घेऊन निघाले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण नवीन फायली असल्यामुळे कुणी बोललं नाही. तिसऱ्यात अहल्या उद्धरली. चौथ्यात स्वयंवर झालं. बरोबर बाराच्या ठोक्याला, काकूंच्या हातात पाळण्याची दोरी आणि कैकेयी दशरथाला वचनाची आठवण करून देतेय!

झालं एवढंच होतं की नव्या फायलींची नावं नुसती आकड्यांनी सुरू होत होती आणि नानांच्या प्लेअरच्या लेखी एकनंतर दहा येतो, मग अकरा, बारा. दोनचा नंबर एकोणीसनंतर. त्या हिशेबानं छप्पन्नावं गीत होऊन गेल्यावर सहावं लागणार होतं, आणि त्राटिका तर सगळ्यांत शेवटी मरणार होती.

नाना पांढरेफटक पडले. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, कितीतरी महिन्यांनी, पहिल्यांदा बोलले. "जन्माआधीच वनवास म्हणायचा."

"होऊ द्या," काकू दोरी ओढत म्हणाल्या. "वनवासात तरी कुठे जातोय? इथेच येणार आहे, पंचवटीत." आणि त्यांनी स्वतःच पाळणा म्हणायला सुरुवात केली. खालच्या पट्टीत, जरा बेसूर. सगळ्यांनी धरला. नानांनी प्लेअर बंद केला का, हे कुणाला आठवत नाही.

त्यानंतर नानांनी एकच्या आधी शून्य लावलं. 01, 02, 03. रामायण मार्गी लागलं. सगळ्या याद्या बोलू लागल्या, ताळे हिरवे झाले. एक प्रत पुण्याला भाच्याकडे गेली आणि एक माळ्यावर, कारण गंगापूर धरणातून पाणी सुटून नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की नाना तिसऱ्या मजल्यावरून हार्ड डिस्क उंचावर हलवतात. काकूंनी स्वयंपाकघरात जुना पेनड्राइव्ह लावला आहे, 128वाला, तो त्या देत नाहीत.

परवा जिन्यात भेटले तेव्हा मी म्हटलं, "झालं ना नाना सगळं? आता ऐका निवांत."

"ऐकणार होतो रे," ते म्हणाले. "पण 'ओझर बस'मध्ये गाणी आहेत एकशे बारा. दोन आकडे पुरत नाहीत, 99नंतर परत घोळ. सगळ्यांना तीन आकडी करावं लागणार. रविवारी मिसळ आमच्याकडेच खा, आणि येताना तुझा लॅपटॉप आण."